गालातली हवा

"पोटावर हजेरीची वही ठेवते आहे," शेवडे बाई म्हणाल्या. "पडली तर चालेल. हलली नाही तर मात्र परत पहिल्यापासून."

मी चटईवर उताणा पडलो होतो. वय बावन्न, नेसूचं धोतर, अंगात बंडी, नजर आढ्याकडे. दुपारचे दोन वाजले होते. गाव जेवून आडवं झालं होतं, म्हणून तर ही वेळ मला सोयीची होती. मनात आलं, ज्या दिगंबर गुरवाच्या सनईनं भैरोबा जागा होतो, त्याच्या पोटावर ही बाई वही ठेवते आहे. वही तरी नवी असावी. तीही आठवी ब ची, कोपरे दुमडलेली.

"श्वास घ्या."

मी घेतला. छाती चांगली वीतभर फुगली. वही जागची हलली नाही.

"परत पहिल्यापासून," बाई म्हणाल्या.

अर्ध्या तासात मी अकरा वेळा परत पहिल्यापासून आलो. योग म्हणजे डोक्यावर उभं राहणं, पाय मानेत अडकवणं असं काहीतरी असेल, अशी माझी समजूत होती आणि त्याची मनाची तयारीही केली होती. इथं मला नुसतं पडून राहायचं होतं, आणि तेच जमत नव्हतं. रागानं माझे कान गरम झाले होते. पण उठून जाण्याची सोय नव्हती, कारण मला गरज होती.

आमच्या गावात चैत्रात भैरोबाची पालखी निघते. देवळाच्या पायरीवरून उतरते, आवाराबाहेरून एक मोठा फेरा घेते आणि परत पायरीशी येते. या फेऱ्यात सनई तुटायची नाही, असा नियम आहे. पालखी चालते तोवर सूर चालला पाहिजे. मध्ये तुटला, तर सनईचा मान त्या घरातून उठतो आणि दुसऱ्या घरात जातो. आजोबांनी हा मान माझ्या वडिलांना दिला, वडिलांनी मला. दुसरं घर म्हणजे माझा चुलतभाऊ बबन. आजोबांनी त्याच्या बापाला डावललं, हे बबनच्या मनातून कधी गेलं नाही. देवळात तो माझ्या शेजारी बसून सूर धरायचा, म्हणजे मी वाजवताना मागं एकच स्वर अखंड लावून ठेवायचा. देवळाबाहेर आलो की आम्ही दोघं एकमेकांना ओळखत नव्हतो.

त्या वर्षी दिवाळीत मला न्यूमोनिया झाला. तीन आठवडे दवाखान्यात होतो. सुटताना डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीपुढं धरला आणि म्हणाले, "डाग राहणार. वाजवणं आता विसरा." घरी येऊन मी सनई तोंडाला लावली. पूर्वी सकाळचा चौघडा संपेपर्यंत मी एका दमात वाजवत असे. त्या दिवशी मिनिटभरात डोळ्यांपुढं अंधारी आली आणि खोकल्यानं मला दुमडून टाकलं. मालती, माझी बायको, पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. 

गावाला मी सांगितलं, दाढ काढली आहे. सनईवाल्याला हे कारण शोभतं. दाढ दुखत असली की सनईच्या तोंडाची पत्ती ओठांत धरता येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. सकाळचा चौघडा बबन वाजवू लागला. पण एका दाढेला महिना झाला, दीड महिना झाला. पारावरून जाताना लोक विचारू लागले, "काय गुरव, हायत तरी किती दाढा तुमच्या?" मी हसायचो आणि पुढं जायचो. 

शेवडे बाई हायस्कुलात पी. टी. शिकवायच्या. चौतीस वर्षं. निवृत्त झाल्यावर शाळेच्या हॉलमध्ये सकाळी योगाचा वर्ग घेऊ लागल्या होत्या. बुटक्या, सावळ्या, केस बारीक कापलेले, आणि आवाज असा की मैदानाच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाला मुलगा पळायचा थांबायचा. गावातलं चाळिशीच्या आतलं प्रत्येक माणूस त्यांच्या हाताखालून गेलेलं होतं. सरपंचसुद्धा त्यांना बघितलं की खिशातला हात बाहेर काढायचे. मी मात्र चौथीतूनच शाळा सोडून सनईला बसलो, त्यामुळं त्यांचा धाक मला ठाऊक नव्हता. वर्गात जाणं शक्यच नव्हतं. सनईवाला श्वास घ्यायला शिकतोय, ही बातमी त्याच दिवशी बबनच्या घरी पोचली असती.

म्हणून मी त्यांच्या घरी गेलो आणि दारातच म्हणालो, "बाई, मला खाजगी शिकवणी पायजे."

"कसली?"

"श्वासाची."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "गुरव, गणिताची शिकवणी लावतात, इंग्रजीची लावतात. पी. टी. ची शिकवणी आजवर कुणी लावली नाही. मला घ्यायची कशी तेही माहीत नाही."

"मलाबी लावायची कशी त्ये ठावं न्हाई."

बाई हसल्या नाहीत, पण बाजूला झाल्या आणि मला आत घेतलं. मी सगळं सांगितलं. दिवाळी, डॉक्टर, पालखी, बबन. दाढेचंही सांगितलं. त्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "पौष चालू आहे. चैत्राला तीन महिने. सकाळी दहाला जेवायचं, दोनला रिकाम्या पोटी यायचं. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी यायचं नाही."

असं ते सुरू झालं.

चौथ्या दिवशी वही हलली. मला एवढा आनंद झाला की मी उठून बसलो आणि वही पडली. बाईंनी ती उचलून परत जागेवर ठेवली. मग त्यांनी मला मांडी घालून बसवलं. मांडी घालून बसणं हा माझा धंदाच, तिथं मी जरा ताठलो.

"आता श्वास सोडा. पूर्ण."

मी सोडला.

"अजून."

"सोडला की."

बाई पुढं वाकल्या आणि एका बोटानं माझ्या गालावर टिचकी मारली. फुस्स करून हवा बाहेर आली.

"हे काय साठवून ठेवलंय? दिवाळीला?"

मला स्वतःलाच माहीत नव्हतं. सनईवाल्याची सगळी करामत गालात असते. छातीतली हवा संपत आली की ती गालात भरून ठेवायची, गालानं ती पत्तीत ढकलत राहायची आणि तेवढ्यात नाकानं नवा श्वास घ्यायचा. म्हणून सनई तुटत नाही. सहाव्या वर्षापासून मी हे करत आलो होतो. जेवताना, बोलताना, बहुधा झोपेतसुद्धा माझ्या गालात थोडी हवा शिलकीत असायची. ती सोडा म्हटल्यावर मला घराचं दार उघडं टाकून बाहेर पडल्यासारखं वाटायला लागलं.

"पूर्ण रिकामं व्हायचं," बाई म्हणाल्या. "आणि चार मोजेपर्यंत रिकामंच राहायचं."

मी एक मोजला आणि घाबरून श्वास ओढला. मग खोकला. रोज तेच. पौष संपला, माघ निम्मा झाला, मी दोनच्या पुढं गेलो नाही. बाई चिडल्या नाहीत, पण एक दिवस त्यांनी विचारलं, "तुम्हाला हे गालाचं कुणी शिकवलं? कसं?"

मी सांगितलं. पोराला पपईच्या पानाचा देठ द्यायचा, पोकळ असतो तो. समोर पाण्याचा पेला. देठ पाण्यात बुडवून फुंकायचं. बुडबुडे थांबता कामा नयेत. थांबले की वडील पेला उचलून ते पाणी पोराच्या डोक्यावर ओततात आणि परत भरतात.

"उद्या येताना देठ आणा," बाई म्हणाल्या.

"कशाला?"

"मला शिकायचंय."

मला वाटलं चेष्टा आहे. दुसऱ्या दिवशी देठ घेऊन गेलो, तर बाईंनी पेला भरून ठेवला होता आणि समोर टॉवेल घडी करून. आणि काय सांगू, चौसष्ट वर्षांची ती बाई, जिच्यापुढं सरपंच खिशातून हात काढतो, ती माझ्यापुढं मांडी घालून बसली आणि पपईच्या देठातून बुडबुडे काढायला लागली. पहिल्या झटक्याला पाणी नाकात गेलं. दुसऱ्या झटक्याला पेला सांडला. तिसऱ्या वेळी बुडबुडे आले, बाई नाकानं श्वास घ्यायला जाताच सगळं पाणी देठातून तोंडात. ठसका लागून डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि साडीचा पदर चिंब झाला होता.

मला हसू आवरत नव्हतं. बाईंनी पदर पिळला आणि विचारलं, "माझं काय चुकतंय?"

त्या प्रश्नानं माझं हसू गेलं. बावन्न वर्षांत मी हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता. मला वही हलवता आली नाही तेव्हा मी रागावलो होतो, चटईला दोष दिला होता, वहीला दिला होता. या बाईनं तीन ठसके खाल्ले आणि सरळ विचारलं.

"तुम्ही गाल आदी भरत न्हाई," मी म्हणालो. "हवा संपल्यावर भराय जाताय. संपायच्या आदीच भराय पायजे."

"परत पहिल्यापासून," बाई स्वतःलाच म्हणाल्या.

तेव्हापासून दोन ते अडीच माझे आणि अडीच ते तीन त्यांचे. त्या मला शिकवायच्या, मग मी त्यांना. पाणी डोक्यावर ओतायचं धाडस मी केलं नाही. त्यांनी विचारलं होतं, "नियम आहे ना?" मी म्हटलं, "मोठ्या माणसाला न्हाई." त्या रोज देठ नवा आणायला लावायच्या आणि मी नसतानाही सराव करायच्या; त्यांच्या ओठांना चिरा पडल्या होत्या. फाल्गुन लागला तेव्हा एका दुपारी त्यांचे बुडबुडे थांबले नाहीत. मी मनात शंभर मोजले, दोनशे मोजले. बुडबुडे चालूच. बाईंनी पेला खाली ठेवला. चेहरा लहान पोरीसारखा लाल झाला होता.

"गुरव," त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला दोन महिने चुकीचं शिकवलं."

"म्हंजे?"

"तुम्ही रिकामं व्हायला का घाबरता ते मला आता कळलं. माझ्या गालातली हवा संपत आली तेव्हा मीही घाबरले. तुम्हाला लहानपणापासून एकच सांगितलंय, हवा संपली की डोक्यावर पाणी. आणि मी दोन महिने तुम्हाला नुसती म्हणते आहे, रिकामे व्हा. कोण होईल? मला आधी विचारायला हवं होतं."

मास्तरानं शिष्याला असं म्हटलेलं मी पाहिलं नव्हतं. माझ्या वडिलांनी तर मेल्यावरही म्हटलं नसतं.  त्या बाईंबद्दल मला जे वाटतं ते त्या क्षणापासून वाटतं.

त्यानंतर बाईंनी सगळा क्रम बदलला. आधी मी सनई वाजवायची, अगदी हळू, शेजारच्या खोलीतसुद्धा ऐकू येऊ नये इतकी हळू. सूर संपवायचा मी, माझ्या मनानं, हवा उरलेली असतानाच. मग गाल सोडायचे. मग चार मोजायचे. हवा आपोआप येते, ओढावी लागत नाही, हे मला तेव्हा समजलं. पाच-सहा दिवसांत खोकला निम्म्यावर आला. बाई हातात शाळेच्या शर्यतीचं घड्याळ घेऊन बसायच्या. दोन मिनिटं. साडेतीन. पाच. चैत्र लागला तेव्हा न तोडता मी नऊ मिनिटं वाजवत होतो.

यात्रेच्या तीन दिवस आधी बाई सकाळी देवळाभोवती एकट्या फेरा मारून आल्या, पालखीच्या चालीनं, हातात घड्याळ धरून. दुपारी म्हणाल्या, "बारा मिनिटं लागतात. तुमची नऊ आहेत. खोटं सांगणार नाही."

"मला ठावं हाय."

"मध्ये पालखी कुठं टेकते का?"

"टेकली तर सनईला दम घेता येतो, तसा रिवाज हाय. पर खांदेकरी टेकवत न्हाईत. त्यांचाबी मान असतो. माझ्या आठवणीत कदी टेकली न्हाई."

"त्यांना सांगून ठेवा."

"सांगितलं म्हंजे दाढेचं खोटं उघडं पडलं की. आन् पोरं ऐकायची न्हाईत. लोक त्यांना हसतील."

बाई "हं" म्हणाल्या आणि घड्याळाची दोरी गुंडाळून ठेवली.

यात्रेच्या दिवशी सकाळी दहाला पालखी उठली. आठ खांदेकरी, सगळे तिशीचे, पुढच्या डाव्या खांद्याला विलास माने. त्याचे वडील तात्या माने देवस्थानचे अध्यक्ष होते, फेटा बांधून पुढं चालत होते. मी आणि बबन पालखीच्या पुढं. बबननं सूर लावला, मी सनई तोंडाला लावली. इतके महिने मी दिसलो नव्हतो, म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी ओरडलं, "दाढ बसली रं!"

मी हळू वाजवत होतो. आमच्याकडं पालखीला सनई अशी वाजते की शेजारच्या गावाला कळावं. त्या दिवशी लोक गप्प झाले, कारण ऐकायला गप्प व्हावंच लागत होतं. मला ते आवडलं. पण एक झालं, सनई हळू म्हणून खांदेकऱ्यांची पावलंही हळू पडू लागली. माझ्या लक्षात यायला उशीर झाला. देवळाच्या मागच्या अंगाला चिंचेखाली आलो तेव्हा निम्म्याहून थोडाच जास्त फेरा झाला होता आणि माझ्या छातीतली नऊ मिनिटं संपत आली होती.

गाल भरले. ढकलले. नाकानं घ्यायला गेलो, आणि जिथं डाग होता तिथं आत काहीतरी अडकलं. परत गेलो. आलं नाही. सूर बारीक झाला आणि गेला. बबनचा एकटा स्वर उरला; गर्दीला वाटलं असेल, सनईच आणखी हळू झाली. मी त्याच्याकडं बघितलं नाही. पालखी चालत होती. एक पाऊल, दुसरं पाऊल. घशाशी खोकला आला होता. सगळं संपलं, हे मला अगदी स्पष्ट कळलं.

"पथक! विश्राम!"

चिंचेखाली बायकांच्या घोळक्यातून तो आवाज आला. मैदानाच्या त्या टोकाला पोचणारा. आठ खांदेकऱ्यांचे पाय जागीच फाकले. विलासनं एका क्षणात दांडी खांद्यावरून खाली घेतली, मागच्यांनी घेतली, पालखी जमिनीला टेकली. गर्दीतले अर्धे पुरुषसुद्धा हात मागं बांधून उभे राहिले होते. मग त्यांच्या ध्यानात आलं आणि हशा पिकला.

मी बाईंकडं पाहिलं. त्यांनी तळहात खाली दाबल्यासारखा केला. सोडा.

मी गाल सोडले. सगळं सोडलं. इतक्या लोकांत, देवासमोर, मी पूर्ण रिकामा उभा राहिलो. एक. दोन. तीन. चार. खोकला आला नाही. हवा आली, आपण होऊन आली, पोटापर्यंत गेली.

"सावधान!" बाई म्हणाल्या. पालखी उठली, मी सनई लावली आणि उरलेला फेरा पुरा केला. पायरीशी पोचलो तेव्हा माझ्याकडं अजून हवा शिल्लक होती.

दुपारी चार वाजता देवळात सभा बसली. देवाची पालखी मध्येच अडवली, असं आजवर कुणी केलं नव्हतं. तात्या मान्यांचा चेहरा उतरला होता. "बाई," ते म्हणाले, "काय म्हून थांबवली पालखी?"

"रांग वाकडी झाली होती," बाई म्हणाल्या. "मला वाकडी रांग बघवत नाही. सवय आहे. चुकलं माझं."

"देवाच्या पालखीला सवय आडवी आणायची?"

"चुकलं म्हटलं ना."

ठरलं असं की बाईंनी सगळ्या गावासमोर देवापुढं नारळ ठेवायचा आणि माफी मागायची. चौतीस वर्षांत मुख्याध्यापकाचीही माफी न मागितलेली बाई. मी तोंड उघडलं. बाईंनी मागं वळून माझ्याकडं असं बघितलं की माझं तोंड मिटलं. त्यांनी नारळ ठेवला, हात जोडले, मोठ्यानं म्हणाल्या, "माझी चूक झाली," आणि चपला घालून घरी गेल्या. बबन खांबाला टेकून उभा होता. त्यानं काही म्हटलं नाही. मला वाटलं, त्याला कळलंच नसेल. सूर धरणाऱ्याचं लक्ष स्वतःच्या श्वासावर असतं.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी बाईंकडं गेलो. म्हणालो, "म्या गप्प बसाय नको हुतं."

"चटई घाला," बाई म्हणाल्या. "काल चार मोजलेत, आज पाच."

त्यापुढं अकरा वर्षं मी रोज दोनला जात राहिलो. पालखीचा विषय त्यांनी एकदाही काढू दिला नाही. माझा दम वाढला, बारा मिनिटं झाली, पंधरा झाली. मान माझ्याच घरात राहिला. आणि गावात कुणी जुनी यात्रा सांगायला लागलं की म्हणायचं, "शेवडे बाईंनी पालखी अडवली त्या साली." दर वेळी माझ्या जिवाला लागायचं आणि दर वेळी मी गप्प बसायचो.

यंदा पौषात बाई गेल्या. तेराव्याला कुणीतरी परत तेच बोललं, बाईंनी पालखी अडवली ते. माझ्याच्यानं राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी देवस्थानच्या कचेरीत गेलो. तात्या आता नाहीत, विलास अध्यक्ष आहे. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "अध्यक्ष, त्या साली पालखी थांबली त्याच्या आदी सनई तुटली हुती. लिहून घ्या. मान काढा आन् बाईंच्या नावावरचा डाग पुसा."

विलासनं पेन खाली ठेवलं. "बसा काका."

"बसायला आलो न्हाई."

"पुढच्या डाव्या खांद्याला मीच हुतो की. तुमचा सूर गेला त्ये माझ्या आदी कुणाला कळणार? आमी पाऊल सनईवर टाकतो. दोन पावलं हवेत टाकली."

 मी बसलो. "मग बोलला का न्हाईस?"

"सभेच्या आदी बाईंनी आमा आठजणांना शाळेच्या मैदानावर बोलावलं. रांगेत उभं केलं. म्हणाल्या, पालखी मी थांबवली, दुसरं काही घडलेलं नाही. आमच्यातला सदू म्हणला, बाई, खोटं कसं बोलायचं? तर म्हणाल्या, गुरव अजून शिकतोय. शिकणाऱ्याची पहिली चूक मी कधी मोजली नाही. तुमची तरी मोजली होती का?" विलासनं पेनाला टोपण लावलं. "न्हवती मोजली, काका. माझी काय हुती त्ये सांगणार न्हाई तुमाला. पर न्हवती मोजली."

मी रडलो. अध्यक्षाच्या टेबलापुढं, त्रेसष्ट वर्षांचा माणूस, पोरासारखा. विलास खिडकीबाहेर बघत राहिला.

डोळे पुसून मी विचारलं, "आठजणांनाच सांगितलं?"

"आमाला मैदानावर. तिथनं त्या सरळ बबनकाकांच्या घरी गेल्या."

मी उठलो. बबनच्या घराची पायरी मी कित्येक वर्षांत चढलो नव्हतो. दार उघडंच होतं. तो ओसरीवर पत्ती तासत बसला होता. मला बघून त्यानं चाकू मिटला. मी का आलो ते त्यानं ओळखलं. बाईंच्या तेराव्यालाही त्यानं माझा चेहरा पाहिला असेल.

"मान तुझा हुता," मी म्हणालो. "अकरा सालं."

"व्हय," बबन म्हणाला. "बाईंनी त्या दिवशी इथंच बसून मागून घेतला. म्या म्हणलं, बाई, देतो, पर त्यो कदी येऊन कबूल करणार हाय का? तर म्हणल्या, येईल. फक्त त्याला श्वास सोडायला वेळ लागतो."

तो ओसरीवर थोडा सरकला. लहानपणी जसं म्हणायचा तसं म्हणाला, "बस, दादा."